पेशी कुठे फुटल्या?

कोरेगावच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवीत असे. पेशींचा धडा आला की कांदा आणायचा, त्याचा पातळ पापुद्रा नखाने सोलून काचपट्टीवर पसरायचा, वर आयोडीनचा थेंब सोडायचा आणि मुलांना सूक्ष्मदर्शकासमोर रांगेने उभे करायचे, हा क्रम वर्षानुवर्षे बदलला नाही. मुले एक डोळा मिटून दुसऱ्याने पाहत आणि बहुतेक सगळी एकच उद्गार काढीत, "बाई, विटांची भिंत!" मी सांगत असे की ती भिंत नव्हे, वस्ती आहे. प्रत्येक वीट म्हणजे एक घर, घराला आवरण, आत सामानसुमान. आतले आत आणि बाहेरचे बाहेर आहे तोवर घर नांदते आहे असे समजावे. आतले सामान बाहेर आले तर काय होते, असे कोणत्याही मुलाने विचारले नाही आणि अभ्यासक्रमातही ते नव्हते. तो भाग मी निवृत्तीनंतर, यजमानांच्या आजारपणात, दवाखान्याच्या बाकावर बसून शिकले.

यजमान फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि शेती पाहू लागले. ऊस तुटून गेला की पाचट बाजूला ओढून उरलेले बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात, म्हणजे खोडवा, त्याच मुळांवरचे पुढचे पीक, एकसारखा फुटतो. हे काम ते मजुरांना देत नाहीत. मजुरांची ओळ सरळ येत नाही, ही त्यांची तक्रार. त्या चैत्रात कोयत्याने तिरका छाटला गेलेला एक बुडखा त्यांच्या चपलेतून टाचेत घुसला. त्यांनी हळद दाबली, रुमाल बांधला आणि राहिलेल्या सऱ्या पुऱ्या करूनच घरी आले. मी धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला लावले. पुढे पाऊल सुजले, थंडी वाजून ताप भरला, "दोन गोळ्यांत उतरंल" असे त्यांनी जाहीर केले. एका सकाळी ते कॉटवर ताठ बसून अंगणातल्या तुळशीला "दाहिने मुड" असा हुकूम देऊ लागले.

मला आधी हसू आले. मग मी त्यांचा हात हातात घेतला तो गार होता, आणि श्वास धावून आल्यासारखा चालला होता.

गावातल्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या मोजक्या खाटा आहेत. तिथल्या डॉक्टर तरुण, बोलणे थोडके आणि स्पष्ट. त्यांनी तपासून, सलाईन आणि प्रतिजैविके सुरू करून मला बाहेर बोलावले.

"बाई, ह्याला सेप्सिस म्हणतात. जंतू टाचेत शिरले, पण त्यांना हाकलण्यासाठी शरीरानं जो दंगा मांडलाय, त्यात आता स्वतःचीच घरं मोडतायत. मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस, कुणालाही धक्का बसू शकतो. कुणाला किती बसला, ते रक्त सांगेल."

"रक्त कसं सांगेल?" मी विचारले. आयुष्यभर प्रश्न विचारण्याची सवय. परिस्थिती पाहून ती थांबत नाही.

त्यांनी सांगितले ते मी माझ्या पद्धतीने लावून घेतले. मूत्रपिंड दमले की क्रिएटिनिन साठते, कारण गाळणारा थकला की गाळ वाढतो. पेशींची ओढाताण झाली की लॅक्टेट चढते. तिसरी खूण मला सर्वांत जवळची वाटली. एलडीएच नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीच्या आतच कामाला असते. पोटॅशियमही बहुतेक आतच राहते. रक्ताच्या द्रवात ही दोन्ही एकदम वाढलेली दिसली तर समजावे की कुठेतरी घरे फुटली आणि सामान रस्त्यावर आले.

"कुणाचं घर फुटलं, ते समजतं?"

"एलडीएचवरून नाही समजत. ते फक्त ओरडतं, पत्ता सांगत नाही. पेशी दोन तऱ्हांनी मरतात, बाई. एक शिस्तीनं, सामान बांधून. दुसरी एकदम फुटून. कुठली पेशी कशी मेली, हे रक्तात तरंगणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवरून ओळखायचं संशोधन मोठ्या ठिकाणी चालू आहे. आपल्याकडं ते यायला वेळ आहे. तोवर जे आहे त्यावर भागवायचं."

मला हे बोलणे आवडले. जे आहे त्यावर भागवणे हा आमच्या प्रयोगशाळेचाही नियम होता.

पहिल्या तपासण्या वाईट होत्या, पण हाताबाहेरच्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे तपासणीचे यंत्र बंद पडले आणि रक्त साताऱ्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचे ठरले. नेणार कोण? माझे धाकटे दीर पुढे झाले.

त्यांची ओळख इथे करून द्यायला हवी. दीर पॉट आईस्क्रीम करतात. लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा डबा, भोवती बर्फ, आणि वरचे हँडल फिरवायला त्यांचा दणकट दंड. औंधची यात्रा असो की मेढ्याचा बाजार, त्यांचा फळांची चित्रे रंगवलेला छोटा टेम्पो तिथे असतोच. बर्फ टिकवणे हा त्यांच्या अभिमानाचा विषय आहे. बर्फ कुणीही विकत घेतो, राखतो तो खरा, असे ते म्हणतात. ह्या माणसाच्या हाती सिस्टरनी तीन नळ्या दिल्या आणि एकदा नव्हे, दोनदा बजावले, "ही राखाडी झाकणाची, लॅक्टेटची, तेवढी बर्फावर ठेवायची. बाकीच्या दोन अशाच न्यायच्या."

"तुमी काळजीच करू नका, सिस्टर," दीर म्हणाले. "बर्फाचं मला सांगू नका."

ते गेले आणि अपेक्षेपेक्षा लवकर परतही आले. बाकावर माझ्या शेजारी बसून त्यांनी घाम पुसला. "पोचवलं, वैनी. येकदम फर्स्ट क्लास." चेहऱ्यावर मोठे काम केल्याचे समाधान होते आणि ते मला त्या वेळी फार दिलासा देणारे वाटले.

दुपारी डॉक्टर बाहेर आल्या. हातात मोबाईल, त्यावर साताऱ्याहून आलेला रिपोर्ट. त्या उभ्याच राहिल्या, म्हणून मीही उभी राहिले.

"पोटॅशियम धोक्याच्या बरंच वर आहे. एलडीएच तर विचारूच नका. रक्तातल्या तांबड्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटल्यात, असं त्यांनी खाली लिहिलंय. नमुना पुन्हा पाठवा, असंही लिहिलंय."

"म्हणजे काय समजायचं?"

"दोन शक्यता आहेत. पेशी साहेबांच्या अंगात फुटल्या असतील. सेप्सिसमध्ये तसं होतं. मग डायलिसिस लागेल आणि त्यांना इथून हलवावं लागेल. नाहीतर त्या नळीत फुटल्या असतील, रक्त काढताना किंवा नेताना. तसं असेल तर हा आकडा साहेबांचा नाहीच."

"तुम्हाला काय वाटतं?"

"एवढं पोटॅशियम खरं असतं तर हृदयाच्या आलेखात लाटा उंच आणि टोकदार दिसायला हव्या होत्या. मॉनिटरवर तशा दिसत नाहीत. पण काही रुग्णांत त्या दिसतच नाहीत. नुसत्या आलेखावर मी पैज लावणार नाही."

आमची मुलगी सांगलीत असते. तिला फोनवर कळवले तेव्हा तिने क्षणाचाही विलंब लावला नाही. साताऱ्यात तशी खाट त्या दिवशी रिकामी नव्हती, पण सांगलीला मूत्रपिंडाच्या डॉक्टरांसकट खाट मिळत होती. तिने कराडहून सुसज्ज ॲम्ब्युलन्ससुद्धा निघायला सांगितली. "आई, आता विचार करत बसू नकोस. बाबांना गाडीत घाल."

तिचे म्हणणे बरोबर होते. डॉक्टरांचेही बरोबर होते. त्या म्हणाल्या, "बाई, त्यांचा रक्तदाब औषधाच्या टेकूवर उभा आहे. सांगली म्हणजे कराडवरून दोन-अडीच तासांचा रस्ता. गरज असेल तर हा धोका पत्करायलाच हवा. गरज नसेल तर का पत्करायचा? मी आत्ताच दुसरं रक्त काढते. पोटॅशियम उतरवायचं औषध हाताशी ठेवते. ॲम्ब्युलन्स येऊन उभी राहू दे. तेवढ्यात कळलं तर बरं."

मी बाकावर बसले. समोरच्या काचेतून यजमानांचे पांघरलेले पाय दिसत होते. सारे काही एकाच प्रश्नावर येऊन थांबले होते: पेशी फुटल्या कुठे? माणसात की नळीत? मुलांना मी नेहमी सांगे, उत्तर चुकले की आकडे पुन्हा पाहण्याआधी कृती पाहा. प्रयोगाची कृती ज्याने केली तो माझ्या शेजारीच बसला होता.

"भावोजी," मी म्हटले, "सकाळी इथून निघाल्यापासून काय काय केलंत, ते क्रमाने सांगा बरं."

"काय करनार? गेलो आन् दिलं."

"मधलं सांगा. नळ्या हातात घेतल्या. पुढे?"

"फुडं रसवंतीवर थांबलो. बर्फ घेतला. डब्यात घातला."

"कोणत्या डब्यात?"

"आपल्या आईस्क्रीमच्या. धुतलेला हाय, वैनी, दोनदा विसळलाय!"

"बरं. बर्फावर राखाडी नळी ठेवली. बाकीच्या दोन?"

त्यांनी पुन्हा घाम पुसला. "त्याबी घातल्या."

"सिस्टरनी तर एकच म्हटलं होतं."

"म्हनल्या हुत्या. पर वैनी, एकीला गारवा आन् दोघी उन्हात? आपल्यात पंगतीला बसल्यावर एकाला तूप आन् दुसऱ्याला कोरडं, असं कवा वाढत्यात व्हय? तिन्ही दादाच्याच नव्हं का!"

ह्या युक्तिवादात दयाळूपणा भरपूर होता. विज्ञान थोडे कमी होते. पण बर्फाशेजारी ठेवल्याने इतका उत्पात होईल असे मला वाटेना. मी पुढे विचारले, "मग झाकण लावलं आणि निघालात?"

"न्हाई न्हाई, असं कसं? चैताचं ऊन. साताऱ्यापतोर बर्फाचं पानी झालं आसतं. मूठ मूठ मीठ मारलं, दाबून बसवलं, वरनं पोतं गुंडाळलं."

"मीठ?"

"खडं मीठ. मग! मिठाबिगर बर्फ धरतोय व्हय?"

मी डोळ्यांवरचा चष्मा काढला. नववीच्या वर्गात मी दरवर्षी हा प्रयोग करून दाखवीत असे. बर्फात मीठ मिसळा आणि तापमापी बुडवा. पारा शून्याच्या खाली उतरत जातो. आईस्क्रीम गोठते ते त्यामुळेच, नुसत्या बर्फाने नव्हे. दीर हा प्रयोग माझ्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा करत आले होते, आणि दर वेळी यशस्वीपणे. त्या दिवशीही तो यशस्वीच झाला होता. साताऱ्याच्या रस्त्यावर माझ्या यजमानांचे रक्त गोठून घट्ट झाले होते. पाणी गोठताना फुगते, त्याचे खडे टोचतात, पेशींची आवरणे फाटतात, आणि रक्त पुन्हा वितळले की आतले सगळे सामान बाहेर.

मी उठून डॉक्टरांकडे गेले आणि "मीठ" एवढाच शब्द उच्चारून पुढचे दोन वाक्यांत सांगितले. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले, पण खांदे हलू लागले. मग त्या पटकन गंभीर झाल्या. "नमुना बिघडला हे नक्की झालं. पण बाई, साहेब बरे आहेत हे अजून सिद्ध झालेलं नाही. नळीत पेशी फुटल्या म्हणून अंगात फुटल्याच नाहीत, असं होत नाही."

हे अचूक होते. उत्तर खोडले म्हणजे बरोबर उत्तर मिळाले असे नाही. तपासणारा ह्याला गुण देत नाही.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः टेम्पोत बसले. काचेपलीकडे बसूनही मला यजमानांसाठी दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. दोन नळ्या रुमालात गुंडाळून उभ्या धरल्या. राखाडी झाकणाची प्लास्टिकच्या पिशवीत घालून थर्मासमध्ये, बर्फ आणि पाणी ह्यांत. दीरांनी थर्मासकडे अविश्वासाने पाहिले.

"बिनमिठाचा?"

"बिनमिठाचा."

"टिकनार न्हाई."

"टिकायला नकोच आहे. गार राहिलं की पुरे."

त्यांनी टेम्पो साताऱ्याच्या रस्त्याला लावला. मग म्हणाले, "वैनी, म्हंजे दादाच्या रगताची म्या कुल्फी केली."

मला हसू आवरेना. इतके हसू आले की रुमालातल्या नळ्या हलू नयेत म्हणून मी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले. दीर आधी बिचकले, मग तेही हसले, आणि लगेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "दादाला काय न्हाई ना हुनार?"

"ते अजून माहीत नाही, भावोजी. ते आणायलाच चाललो आहोत."

"त्याला सांगू नगा. लय दिवस चिडवंल."

"चिडवण्याइतके बरे होऊ देत. मग सांगू की नाही ते ठरवू."

त्यांनी रस्त्यावरचा एकूण एक गतिरोधक असा ओलांडला की टेम्पोत अंड्यांची चळत असावी. मागून हॉर्न वाजवणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी खिडकीतून मान काढून सुनावले, "दम धर की गड्या! रगत हाय, ऊस न्हवं!"

प्रयोगशाळेत खिडकीवरच्या बाईंनी नळ्या घेतल्या आणि दीरांना ओळखले. "सकाळी तुम्हीच ना? नळ्यांवर पांढरं काहीतरी साचलं होतं. आम्ही आपसात बोललो, हे काय असेल." दीरांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकाएकी रस घेतला. मी काय घडले ते सांगितले. आतून एक डॉक्टर आले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, इथंच थांबा. फिरवून झालं की आकड्यांच्या आधीच तुम्हाला दाखवतो."

नळी यंत्रात गरागरा फिरवली की जड पेशी तळाशी बसतात आणि वर नितळ द्रव राहतो. पेशी शाबूत असतील तर तो पिवळसर, फुटल्या असतील तर लाल. ते मला ठाऊक होते. तरीही यंत्राचा आवाज थांबेपर्यंत मी खुर्चीच्या कडेवरच बसून राहिले. एवढ्या वर्षांत मुलांना निकाल वाटताना पहिल्या बाकावरचा हुशार मुलगासुद्धा का घामेजतो, हे मला तेव्हा नीट कळले.

डॉक्टरांनी दोन नळ्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. सकाळची कोकमाच्या सारासारखी लाल. आत्ताची वरच्या भागात पिवळी, हरभऱ्याच्या डाळीच्या निवळीसारखी, आरपार.

"ही दादाची?" दीरांनी पिवळीकडे बोट करून विचारले.

"दोन्ही तुमच्या दादांच्याच."

"व्हय, पर खरी ही," दीर म्हणाले, आणि त्यांनी भिंतीला हात टेकला.

नंतर आकडे आले. पोटॅशियम आपल्या जागी. एलडीएच थोडे वाढलेले, आजारी माणसाचे असावे तेवढे. लॅक्टेट पहिल्या दिवसापेक्षा उतरलेले. क्रिएटिनिन अजून वरच, पण आदल्या दिवशीपेक्षा अधिक नव्हे. मी कोरेगावला फोन लावून एक एक आकडा सावकाश वाचला आणि डॉक्टरांकडून तो परत म्हणवून घेतला. शेवटी त्या म्हणाल्या, "बाई, गाडी परत पाठवते. साहेब इथंच राहतील. मूत्रपिंड थकलंय, पण फुटलेलं काही दिसत नाही. आता त्याला वेळ देऊ."

मुलगी संध्याकाळी सांगलीहून येऊन पोचली. तिने आधी मला मिठी मारली आणि मग काकांना कोपऱ्यात गाठले. "काका, लोणचं घालायचं होतं का बाबांचं?" दीरांनी दोन्ही कान धरले. बाकावरचे इतर रुग्णांचे नातलग, ज्यांना तोपर्यंत सगळी हकीकत तोंडपाठ झाली होती, खो खो हसले. अतिदक्षता विभागाच्या दारासमोर इतके हसू येणे बरे दिसत नाही, असे सिस्टर सांगायला आल्या आणि त्याही हसतच आत गेल्या.

वेळ द्यावा लागला तो दिलाच. टाच उघडून साफ करावी लागली. रक्तदाबाचे औषध हळूहळू कमी होत गेले. लघवीचे माप वाढू लागले, आणि त्या मापाची बातमी आमच्या बाकावर कुणाचे लग्न ठरल्यासारखी येऊ लागली. "आज चांगली झाली!" असे सिस्टर दारातून सांगत, आणि दीर शेजाऱ्यांना चहा पाजत. क्रिएटिनिन एकेक पायरी उतरत होते. राहिली होती एकच काळजी, जिला रक्तातली कोणतीच खूण पुरेशी नव्हती. यजमान डोळे उघडत, पुन्हा मिटत, पण धड बोलत नव्हते. तुळशीला हुकूम देणारा तो माणूस पूर्ववत परत येणार का, हे कुणी सांगू शकत नव्हते.

एका सकाळी डॉक्टर नेहमीप्रमाणे फेरीला आत गेल्या. मी नव्या रिपोर्टातले आकडे आदल्या दिवशीच्या आकड्यांशी पेन्सिलीने जुळवून पाहत बाहेर बसले होते. दार अर्धे उघडे होते, म्हणून आतले ऐकू आले.

"साहेब, तुम्ही कुठं आहात, सांगता येईल?"

"दवाखान्यात," आवाज खरखरीत होता. "दुसरीकडं कुठं अशी इंजेक्शनं टोचत्यात?"

"छान. तुमच्या मिसेस काय करतात?"

माझी पेन्सिल थांबली.

"रिटायर झाल्यात," यजमान म्हणाले. "पर आत्ता बाहीर बसून तुमचंच पेपर तपासत असतील. चूक घावली तर सोडायच्या न्हाईत, आधीच सांगून ठेवतो."

डॉक्टर हसत बाहेर आल्या. माझ्या मांडीवरचा रिपोर्ट आणि हातातली पेन्सिल पाहून त्या आणखीच हसल्या आणि त्यांनी दार पूर्ण उघडून धरले. मी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि आत गेले.